‘अ‍ॅमेझॉनी’ लिहायला हात धजेना

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे पन्नास मिनिटांच्या एका माहितीपटाची संहिता आली. मी डबिंगसाठी इंग्रजीतून मराठीत निवेदनं लिहून देते. बारा वर्षं हेच काम. वाघ, देवमासे, ज्वालामुखी, रोमचे सम्राट असं बरंच काही हाताखालून गेलंय. या वेळी दक्षिण अमेरिकेतलं वर्षावन होतं आणि निवेदकाच्या तोंडी एक विशेषण सारखं येत होतं: अ‍ॅमेझोनियन. अ‍ॅमेझोनियन पाऊस, अ‍ॅमेझोनियन चिखल, अ‍ॅमेझोनियन रात्र. मोजले तर एकतीस वेळा.

डबिंगमध्ये शब्द सेकंदांवर बसवावे लागतात. इंग्रजी वाक्याला चार सेकंद असतील तर मराठीलाही चारच. ‘अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला’ म्हणेपर्यंत पडद्यावरचा पक्षी उडून जातो. म्हणून पहिल्या खर्ड्यात मी सरसकट ‘अ‍ॅमेझॉनी’ करून टाकलं. चार अक्षरं, काम झालं. तेवीस मिनिटांपर्यंत तसंच रेटत नेलं.

चोविसाव्या मिनिटाला एक म्हातारी येते. घराच्या पायरीवर बसून ती कसावाचा कंद किसते आहे. किस झाला की तो ती एका लांब, वेताच्या विणलेल्या नळीत ठासून भरते. नळी वरून आढ्याला टांगलेली, खालच्या कडीत एक दांडका अडकवलेला. म्हातारी त्या दांडक्यावर बसते. नळी ताणली जाते, बारीक होत जाते आणि तिच्या विणीतून पिवळसर पाणी ठिबकायला लागतं. त्या पाण्यात विष असतं, सायनाइडचं. ते पिळून काढल्याशिवाय तो कंद खाता येत नाही. या नळीला ‘तिपिती’ म्हणतात. म्हातारी कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नाही, तिचं लक्ष ठिबकणाऱ्या पाण्याकडे आहे. आणि निवेदक म्हणतो, ही अ‍ॅमेझोनियन स्त्री हे काम लहानपणापासून करते आहे.

मी लिहिलं, ‘ही अ‍ॅमेझॉनी स्त्री’. वाचून बघितलं आणि हात थांबला.

आपल्याकडे मुलुखाच्या नावाला ‘ई’ लागते तेव्हा ती नुसता पत्ता सांगत नाही. ‘मालवणातला माणूस’ आणि ‘मालवणी माणूस’ यांत फरक आहे. मालवणातला माणूस उद्या मालवण सोडेल आणि डोंबिवलीतला होईल. मालवणी माणूस तीन पिढ्या डोंबिवलीत राहिला तरी मालवणीच. वऱ्हाडी, खानदेशी, कोल्हापुरी, सगळ्यांचं तेच. जिथं येणं-जाणं खूप झालं तिथं ही ‘ई’ एवढी मुरली की वस्तूचं नावच होऊन बसली. पैठणी म्हटलं की साडी आणि कोल्हापुरी म्हटलं की चप्पल. परदेशांतही ज्यांच्याशी व्यवहार झाला त्यांनाच आपण ती दिली: अरबी, इराणी, तुर्की, चिनी, जपानी. ब्राझीलला अजून दिलेली नाही. ‘ब्राझिली माणूस’ कुणी म्हणत नाही, ‘ब्राझीलचा’ म्हणतात. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात मुलं वर्षभर भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून अभ्यास करतात, तरीसुद्धा.

मग या म्हातारीला मी कुठल्या हक्कानं ‘ई’ लावत होते? आणि लावत होते ती कुठल्या शब्दाला? अ‍ॅमेझॉन म्हणजे नक्की काय, हे इतक्या वर्षांत मी कधी शोधलंच नव्हतं. दोन रात्री त्यातच गेल्या. जे हाती लागलं ते इथं लिहून ठेवते.

या शब्दाचा आणि त्या नदीचा मुळात काही संबंध नाही. शब्द ग्रीक आहे आणि हजारो मैल लांबचा आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात, थर्मोडॉन नावाची एक नदी सांगितली जायची. तिच्या काठी लढवय्या बायकांचं राज्य होतं आणि त्या बायका म्हणजे ‘अमाझोनेस’, अशी ग्रीकांची कथा. होमरच्या काव्यात त्यांच्यासाठी जे विशेषण येतं त्याचा अर्थ ‘पुरुषांच्या तोडीच्या’ असा लावतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं त्यांना आणखी उत्तरेला, शकांच्या गवताळ प्रदेशात नेऊन सोडलं. शक म्हटल्यावर मी जरा सावरून बसले. ज्या शकांच्या टोळ्या पुढं आपल्याकडे आल्या, ज्यांच्या नावाचा शक आपण पंचांगात रोज वाचतो, त्यांचेच हे पश्चिमेकडचे भाऊबंद. त्या गवताळ प्रदेशात अलीकडे ज्या थडग्यांचं उत्खनन झालं, त्यांतल्या काहींत बायकांच्या सांगाड्यांशेजारी बाण आणि भाले सापडले आहेत. म्हणजे ग्रीकांची कथा अगदीच हवेतली नव्हती.

शब्दाची फोड मात्र ग्रीकांनी हवेत केली. ‘अ’ म्हणजे नसलेली आणि ‘माझोस’ म्हणजे स्तन. धनुष्य ओढताना अडचण नको म्हणून या बायका एक स्तन कापून टाकत, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. ही व्युत्पत्ती आजही जिथं तिथं छापलेली दिसते. मला ती कधीच पटणार नाही, कारण ग्रीकांनी स्वतःच्या भांड्यांवर आणि मंदिरांच्या भिंतींवर या बायका काढल्या तेव्हा दोन्ही स्तनांनिशीच काढल्या. परका शब्द कानावर आला, आपल्या भाषेत त्याच्याशी जुळतं काय ते शोधलं आणि जुळलं त्यावर गोष्ट रचली. हा मोह मला ओळखीचा आहे, भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा असेल. जुन्या इराणी भाषेत ‘लढवय्या’ अशा अर्थाचा शब्द असावा आणि त्यावरून हे नाव आलं असावं, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेच मला जवळचं वाटतं.

काळ्या समुद्राकाठचा हा शब्द दक्षिण अमेरिकेत कसा पोचला? दालचिनीपायी.

1541 साली गोन्झालो पिझारो हा स्पॅनिश सरदार क्वीटोहून अँडीज ओलांडून पूर्वेला निघाला. त्या बाजूला दालचिनीची रानं आहेत आणि सोन्यात न्हालेला राजा आहे, असं त्यानं ऐकलं होतं. दालचिनीची म्हणून जी झाडं मिळाली ती विरळ आणि बिनकामाची निघाली. अन्न संपलं. तेव्हा फ्रान्सिस्को दे ओरेलाना हा त्याचा सहकारी पन्नासेक माणसं घेऊन अन्न शोधायला नदीनं खाली गेला. प्रवाह इतका जोरदार की परत वर येणं जमेना, किंवा त्यानं जमवलं नाही. यावर त्या काळापासून वाद आहे. तो वाहत गेला तो थेट अटलांटिक महासागराला जाऊन लागला, 26 ऑगस्ट 1542 रोजी. नदीची जवळपास सगळी लांबी त्यानं आणि त्याच्या माणसांनी उतरून काढली होती.

बरोबर गास्पार दे कार्वाखाल नावाचे पाद्री होते. त्यांनी सगळं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला हे कळतं. 24 जून 1542, संत योहानाच्या सणाचा दिवस. एका गावापाशी लढाई जुंपली. कार्वाखाल लिहितात, की आमच्यावर चालून आलेल्यांच्या पुढं दहा-बारा बायका होत्या. उंच, गोऱ्या, लांब केसांच्या वेण्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या, हातात धनुष्यबाण. एकेक बाई दहा पुरुषांइतकं लढत होती. एकीचा बाण गलबताच्या लाकडात वीतभर घुसला. थोड्याच वेळात आमची गलबतं साळिंदरासारखी दिसायला लागली. त्या बायकांपैकी सात-आठ जणींना स्पॅनिशांनी मारलं, तेव्हा कुठं लढाई मोडली. त्याच मोहिमेत पुढं एका बाणानं कार्वाखाल यांचा एक डोळा गेला.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते यानंतरच्या प्रसंगानं. त्या लढाईत एक माणूस पकडला गेला. ओरेलानाला भाषांची जाण होती. वाटेत भेटलेल्या लोकांचे शब्द तो टिपून ठेवायचा आणि त्या टिपणांच्या आधारानं बोलायचा. त्याच आधारानं त्यानं या कैद्याची उलटतपासणी केली. या बायका कोण? त्यांना नवरे आहेत का? मग मुलं कशी होतात? कैद्यानं सांगितलं म्हणतात, की त्या आत सात दिवसांच्या वाटेवर राहतात, त्यांची सत्तर गावं आहेत, पुरुष नाहीत. शेजारच्या मुलखातले पुरुष पकडून आणतात आणि दिवस गेले की त्यांना परत पाठवतात. मुलगा झाला तर मारतात किंवा बापाकडे धाडतात, मुलगी झाली तर वाढवतात आणि लढाई शिकवतात.

ही ओळीनं ग्रीकांचीच गोष्ट आहे.

काही महिन्यांत जमवलेली शब्दांची यादी घेऊन, शेकडो मैल वरच्या काठाची बोली घेऊन, खालच्या काठच्या एका जखडलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे. विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर आधीच तयार. समोरच्यानं मान हलवली की ‘हो’. मी आयुष्यभर दोन भाषांच्या मध्ये उभी राहून पोट भरते आहे. माझी खात्री आहे, की त्या दिवशी त्या कैद्यानं काय सांगितलं ते कुणाला कळलंच नाही. ओरेलानाला स्वतःचंच ऐकू आलं. त्याच्याच शतकातल्या काही स्पॅनिश लेखकांनीही या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. पण नाव नदीला चिकटलं ते चिकटलंच.

त्या बायका लढल्याच नाहीत असं मात्र मला म्हणायचं नाही. गावावर गलबतं चालून आली, नदीकाठच्या बायकांनी धनुष्यं उचलली, यात न पटण्यासारखं काय आहे? मला सलतं ते वेगळंच. सात-आठ जणी त्या काठावर पडल्या. त्यांची स्वतःची नावं असतील, गावाचं नाव असेल, नदीला तर त्या काहीतरी म्हणत असतीलच. त्यांतलं काही टिपलं गेलं नाही. टिपलं गेलं ते ग्रीक पुस्तकातलं नाव, आणि तेच पुढं जगातल्या सगळ्यात मोठ्या वर्षावनाला, सुमारे पंचावन्न लाख चौरस किलोमीटरांना, आठ देशांच्या आणि फ्रेंच गयानाच्या मुलखाला बसलं. आपला अख्खा देश त्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही लहान आहे.

नदीला आधीही परक्यांनी नावं दिली होती. 1500 साली पिन्सोन हा स्पॅनिश दर्यावर्दी मुखापाशी आला. किनारा दिसण्याआधीच समुद्राचं पाणी गोडं लागलं, म्हणून त्यानं ‘गोडा समुद्र’ असं नाव ठेवलं. किती साधं आणि खरं नाव! आजही पेरूमध्ये वरच्या प्रवाहाला माराञोन म्हणतात, ब्राझीलमध्ये शिरल्यावर सोलिमोएस, आणि मानाउस शहराजवळ काळी रिओ नेग्रो येऊन मिळाली की तिथून पुढं ब्राझीलचे लोक तिला अमाझोनास म्हणायला लागतात. दोन रंगांची पाणी तिथं कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, एकमेकांत मिसळत नाहीत.

इंग्रजीत हे विशेषण आधी बायकांसाठीच होतं. ‘अ‍ॅमेझोनियन’ म्हणजे धिप्पाड, रणरागिणीसारखी. रानाचा अर्थ नंतर आला, आणि पहिला अजून गेलेला नाही. म्हणून तर माझा हात अडला होता. त्या पायरीवरच्या, पाच फूटही उंची नसलेल्या म्हातारीला ‘अ‍ॅमेझोनियन वुमन’ म्हटलं की इंग्रजी कानाला क्षणभर भाला घेतलेली बाई दिसतेच.

ज्यांच्या अंगणातली ही गोष्ट आहे त्या पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी तीन वेगळे शब्द केले आहेत. ‘अमाझोनेन्से’ म्हणजे अमाझोनास या राज्याचा रहिवासी. ‘अमाझोनिको’ म्हणजे त्या सगळ्या खोऱ्याचं, मग ते झाड असो, मासा असो की हवामान. आणि ‘अमाझोनिदा’ म्हणजे त्या मुलखाचा माणूस, राज्य कुठलंही असो. हा तिसरा शब्द माणसं स्वतःबद्दल वापरतात. आपली ‘ई’ आणि आपलं ‘-तला’ यांच्यासारखीच ही वाटणी. ती बघून मला फार बरं वाटलं. निदान मी उगाच अडले नव्हते.

ग्रीकांवरून आठवलं. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टनं या रानाला आणखी एक नाव दिलं होतं, ‘हिलेया’, म्हणजे रानाचा मुलूख. तेही ग्रीकच, आणि हेरोडोटसच्या ग्रंथात हिलेया आहे ती शकांच्या देशात. अमाझोनेसची कथा ज्या भागात येते त्याच भागात. म्हणजे दोन्ही नावं एकाच गठ्ठ्यातून उचललेली.

आपण तरी काय वेगळं केलं? ‘अ‍ॅमेझॉनचं जंगल’ म्हणतो. माझी आत्येबहीण आयुर्वेदाची वैद्य आहे. तिनं फोनवर लगेच अडवलं. ‘अगं, जांगल देश म्हणजे कोरडा. कमी पाऊस, विरळ झाडं. तुझं ते रान आनूप देशात बसेल.’ चरक-सुश्रुतांपासून जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार आहेत, आणि पाणथळ, दाट झाडीच्या मुलखाला विशेषण आहे आनूप. मी एकदा लिहूनही बघितलं, ‘आनूप अरण्य’. सुंदर दिसतं, पण रात्री नऊला टीव्ही बघणाऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून खोडलं. जंगल शब्दाचा अर्थ फिरला तो फिरला. मी ‘रान’ आणि ‘वर्षावन’ आलटून पालटून वापरलं.

मग संहिता पहिल्यापासून परत घेतली. एकतीसपैकी तेरा ठिकाणी विशेषणाची गरजच नव्हती. पन्नास मिनिटं आपण त्याच रानात आहोत, तर पाऊस तिथलाच असणार. प्राण्यांना त्यांची स्वतःची नावं होती, आणि हे लक्षात आलं तेव्हा मी हरखून गेले. जॅग्वार, टॅपिर, टूकन, कॅपिबारा, पिरान्हा हे सगळे तुपी आणि तिच्या भगिनी भाषांमधले शब्द आहेत, म्हणजे त्याच खंडातले. ‘पिरा’ म्हणजे मासा, म्हणून पिरान्हा, म्हणून पिरारुकू. आपलं स्वयंपाकघरसुद्धा त्यात आहे. काजू आणि अननस ही दोन्ही नावं तिकडूनच पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्याला उतरली आणि आपण ती जवळजवळ तशीच ठेवली.

उरली म्हातारी. मूळ चित्रफितीत तिच्या गावाचं नाव पडद्यावर येतं आणि लोकांचं नाव येतं, तिकुना. सोलिमोएसच्या काठचे हे लोक. तिकुना हे नावही दुसऱ्यांनी दिलेलं. ते स्वतःला मागुता म्हणवतात. नदीतून गळानं ओढून काढलेली माणसं, असा त्याचा अर्थ, त्यांची उत्पत्तिकथाच तशी आहे. जुन्या मराठीत मागुता म्हणजे पुन्हा, परत. निव्वळ योगायोग आहे, पण ते अक्षर टंकताना अंगावर काटा आला. मी लिहिलं: ‘ही मागुता आजी. कसावाचं विष काढायला ती आईकडून शिकली.’ साडेतीन सेकंदांत बसलं.

रेकॉर्डिंग गुरुवारी होतं. निवेदनाला आवाज देणाऱ्या काकांचा उपास. मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, साबुदाण्याची खिचडी. मी म्हटलं, ‘काका, मघाशी तुम्ही जिच्याबद्दल बोललात ना, तिच्याच कंदाची ही खिचडी. तो कंद पहिल्यांदा लावला गेला तो त्या रानाच्या कडेलाच.’ ते चमचा तसाच धरून पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर नळीतून पाणी ठिबकत थांबलेलं होतं. दुसऱ्या सत्रात त्यांनी ते वाक्य आपणहून परत म्हटलं. पहिलं चांगलं होतं, पण दुसऱ्यात ‘आजी’ म्हणताना आवाज खाली आला. आम्ही तेच ठेवलं.

गणपतीला कुडाळला गेले तेव्हा परसातल्या शेंद्रीपाशी उभी राहिले. सह्याद्रीच्या रानात कुंकवाच्या झाडालाही शेंद्री म्हणतात, ती वेगळी. ही आमची परसातली, गुलाबी फुलांची, काटेरी बोंडांची. लहानपणी आम्ही तिच्या बिया चोळून ओठ रंगवायचो. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिथं तिला उरुकू म्हणतात आणि तिथली माणसं तिनं अंग रंगवतात. पिरारुकूमधला ‘रुकू’ तोच: शेंद्रीसारखा लाल मासा. आणि शास्त्रीय नाव ‘बिक्सा ओरेलाना’. त्याच ओरेलानाच्या नावावरून.

आईला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या बाया तिला काय म्हणतात म्हणालीस?’

‘उरुकू.’

‘उरुकू,’ आई म्हणाली. मग एक वाळकं बोंड फोडून तिनं माझ्या तळहातावर बिया ओतल्या. डोंबिवलीत कुंडीत लावल्या आहेत. दोन उगवल्या.